उजेड कुठून येतो?

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला. वर्गात सगळ्यांकडे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आहे, तुलाही हवाय. पैशांचं बघू. पण सोबत पाठवलेला आजीचा सीन परत परत पाहिला. गहू निवडणारी आजी छान टिपलीस. फक्त खिडकी तिच्या डावीकडे आणि चेहऱ्यावर उजेड उजवीकडून! तो आला कुठून? दिवा तिकडेच ठेवायला जागा होती, असं म्हणशील. बघणाऱ्याला चूक सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला जाणवेल.

आम्हा लाइटमनना कोणी मत विचारत नाही, पण वर कॅटवॉकवरून, म्हणजे दिवे टांगायच्या छताखालच्या फळ्यांवरून, सगळं दिसतं. चांगला कॅमेरामन सेटवर आल्या आल्या कॅमेऱ्याकडे जात नाही. ‘सोर्स कुठला?’, म्हणजे उजेड येतोय कुठून, हे आधी विचारतो.

1956 सालचा ‘अपराजितो’ बघ. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभा केला होता. तसल्या घरांत उजेड वरच्या आभाळाच्या तुकड्यातून झिरपतो, सावली जेमतेम पडते. स्टुडिओतले दिवे थेट मारले की एकाच माणसाच्या चार सावल्या. कॅमेरामन सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्यावर मारले. कापडावरून खाली उतरला तो अगदी आभाळाचा उजेड. आज सेटवर उजेड परतवायला ‘थर्माकोल लाव रे’ म्हणून ओरडतात ना, त्यात हीच युक्ती आहे.

‘कागज के फूल’मधला (1959) अंधाऱ्या स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा तो झोत तर तुला माहीतच आहे. दिव्याचा झोत पुढे पसरत जातो, उन्हाचा सरळ येतो. म्हणून कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून आत घेतलं. सूर्य सरकला की आरसाही सरकवायला हवा. ते काम आमच्यातल्याच कोणीतरी केलं असणार, त्याचं नाव कुठे सापडायचं नाही.

आणखी एक. स्वयंपाकघरातल्या शॉटमध्ये ट्यूबलाइट थरथरतेय. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून सेकंदाला 24 फ्रेम घेताना शटर 1/50 सेकंद ठेव. शटर अंशांत लावत असशील तर 172.8 अंश. यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही.

दिवाळीला गावी गेलीस की आजीचा तोच शॉट आहे त्याच कॅमेऱ्यावर घे. दिवा एकही नको. उजवीकडून एक थर्माकोल, बस्स. नऊच्या आत उरक, नंतर ऊन थेट तिच्या सुपात येतं आणि ती डोळे बारीक करते. रंग न सुधारता पाठव. कॅमेऱ्याचं मग बोलू. तोवर लागलाच तर भाड्याने घे, मात्र लेन्स आधी खिडकीशी नेऊन बुरशी बघ, मगच पावतीवर सही कर.

तुझा,
बाबा