फॅटी लिव्हर आणि आपली ज्वारीची भाकर

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या महिन्यात आमच्या यजमानांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड 2, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी साचलेली, निघालं, दारूचा थेंबही घेत नाहीत ते, तरी. डाएटचा कागद मिळाला त्यात ऑलिव्ह ऑइल, सालमन मासा, अक्रोड, मेडिटेरेनियन डाएट म्हणे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं जेवण. तो कागद हातात धरून मी किचनमध्ये उभीच राहिले, हे सगळं आपल्या बजेटमध्ये कसं बसणार?

मग डॉक्टरांना खोदून विचारलं, स्वतः वाचलं. ऑस्ट्रेलियातल्या 2013 च्या एका अभ्यासात फक्त 12 लोक होते, पण 6 आठवडे असं खाल्ल्यावर वजन फारसं न उतरताही लिव्हरमधली चरबी बरीच कमी झाली. वजन 7 ते 10 टक्के उतरलं तर लिव्हरची सूजही कमी होते म्हणतात. आणि या डाएटचा गाभा काय, तर डाळी, भाज्या, अख्खं धान्य, सुका मेवा, चांगलं तेल, मैदा-साखर कमी. अहो हे तर आपल्याकडे आहेच की! ज्वारीची भाकर, वरण, मेथीची भाजी, जवसाची चटणी, जवसात ओमेगा-3 ही चांगली चरबी असतेच. संत्र्याचा ज्यूस बंद केला, आता अख्खं संत्रं सोलून खातात. सकाळची तर्री-पोह्यांची प्लेट मात्र अजून सुटत नाहीये, त्यावरून रोज वाद.

आपल्या पेपरात कोणा आहारतज्ज्ञांकडून विदर्भाच्या जेवणावर बेतलेला असा तक्ता छापा ना, प्लीज. आमच्या बिल्डिंगमध्येच तिघांना हाच त्रास आहे.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर