विकिपीडियाच्या लवाद समितीवर आपलीही माणसं हवीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विकिपीडियावर काही चुकीचं दिसलं की आपल्याकडे एकदम बंदीचीच भाषा सुरू होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखावरून महाराष्ट्र सायबरने नोटीस पाठवली तेव्हा तर रोज कुणी ना कुणी मला विचारायचं, अरे तू तिथे लिहितोस ना, मग तुमचा साहेब कोण, तक्रार कुणाकडे करायची. साहेब कुणीच नसतो हे पटतच नाही लोकांना.

इंग्रजी विकिपीडियावर भांडण हाताबाहेर गेलं की शेवटी ते लवाद समितीकडे जातं. आधी विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स स्वतःच निवाडे करायचे, पण ते एकट्याच्याने होईना म्हणून २००३ च्या शेवटी त्यांनी ही समिती काढली. आता १५ जागा, दोन वर्षांची मुदत, नोव्हेंबर-डिसेंबरात गुप्त मतदान, पगार काही नाही. यंदा मी उभं राहायचं ठरवलंय. मतं मागायला हे लिहीत नाहीये, बाहेर असा प्रचार केलेला तिथे चालत नाही आणि चालूही नये, म्हणून सदस्यनाव देत नाही.

आमचे अण्णा गावच्या तंटामुक्त समितीवर होते, २००७ ला मोहीम आली तेव्हापासून. बांधाचा वाद असला की दोघांना पारावर बसवायचे, चहा पाजायचे, समेट होईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. इथे तसं नाही. इथे माणसं एकमेकांना बघतही नाहीत, पुरावा म्हणजे कुणी कुठल्या दिवशी काय बदललं त्याची लिंक, आणि समिती लेखातलं खरंखोटं ठरवतच नाही. शिवरायांचा जन्म १६२७ चा की १६३० चा हे ती सांगणार नाही, पण त्यावरून कुणी रोज दुसऱ्याचं लिखाण उडवत असेल, शिव्या देत असेल, चार खाती काढून एकटाच बोलत असेल तर त्याला त्या विषयापासून लांब ठेवू शकते, कायमचं बाहेरही काढू शकते.

आणि इथेच मला आपल्या माणसांची काळजी वाटते. भारत, पाकिस्तान, अफगाणिस्तान या विषयांना समितीने २०१२ पासून जास्त कडक नियम लावलेत, त्यात एखादा प्रचालकही (म्हणजे बंदी घालण्यासारखे जादा अधिकार दिलेला सदस्य) परस्पर बंदी घालू शकतो. ते लागतंच, जातींच्या लेखांवर काय चालतं ते मी १२ वर्षं बघतोय. पण दोन वर्षांपूर्वी एक कॉलेजातला मुलगा अशाच एका लेखात मराठी ग्रंथाचा आधार देत होता, कुणीतरी तो काढला, याने परत घातला, परत काढला, परत घातला, आणि चार दिवसांत त्याला त्या विषयावर बंदी. चूक त्याची होतीच, लेखाला जोडलेलं चर्चापान असतं, तिथे बोलायला हवं होतं. पण तो ग्रंथ कसला आहे, भरवशाचा आहे का, हे वाचून सांगणारं त्या अख्ख्या वादात कुणी नव्हतं. पोरगं परत आलंच नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

उभं राहायला लेखांमध्ये ५०० बदल केलेले लागतात, गोपनीयतेच्या करारावर सही लागते कारण लोकांची खासगी माहिती हातात येते, आणि मतदार उघडपणे काहीही विचारतात. २०१६ मध्ये मी रागाच्या भरात एकाचा परिच्छेद तीनदा उडवला होता, त्याची लिंक मी स्वतःच देणार आहे. ज्या वादात मी आधी बोललोय तिथे निवाड्याला बसणारही नाही.

जर्मन, पोलिश विकिपीडियांच्याही अशा समित्या आहेत. मराठीत नाही, सगळं चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर. तिथे प्रचालक मोजकेच, त्यामुळे कधी कधी ज्याच्याशी वाद त्याच्याकडेच दाद मागावी लागते. समिती निवडायची तर आधी रोज लिहिणारी माणसं तरी हवीत.

म्हणून एक विनंती आहे. लेखात चूक दिसली तर चर्चापानावर कसं मांडायचं, आधार कसा द्यायचा, यावर तुमच्या रविवार पुरवणीत अर्धं पान द्या. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक विकिपीडिया सदस्य, सातारा