डायल-अपची घरघर

महोदय,

अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारी सेवा बंद केली. इतकी वर्षे ती चालू होती, याचेच मला अधिक नवल वाटले!

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. आमच्या ठाण्याच्या घरी ते आले दोन-तीन वर्षांनी, तेही स्वस्तातले शेल अकाउंट. काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरे. चित्रबित्र काही नाही. संगणक फोनला जोडणारा मोडेम आधी किणकिणायचा, मग खरखरायचा आणि एकदम गप्प व्हायचा. ती शांतता म्हणजे लाइन लागली! पाइन या ईमेल प्रोग्रॅममध्ये न्यू जर्सीच्या पुतण्याला पत्र टंकायचे, कंट्रोल आणि एक्स दाबले की रवाना. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातला जोडफोन उचलला, की सगळे मुसळ केरात.

मराठी रोमन लिपीत लिहावे लागे. मी ‘डाळ’ लिहायचो, तो ‘दाल’ वाचायचा. पुढे विंडोज आले तेव्हा हौसेने देवनागरी फॉन्टमध्ये पत्र धाडले, तर त्याच्याकडे तो फॉन्टच नाही. वहिनींनी आलेली गिचमिड छापून फ्रिजवर लावली. सगळ्या संगणकांवर अक्षरांसाठी एकच संकेत ठरवणाऱ्या युनिकोडने ती कटकट मिटवली.

पान उघडेपर्यंत नेटस्केप ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या ‘एन’वरून उल्का पडत राहायच्या, तोवर आमचा चहा पिऊन व्हायचा. मोडेम अजून माळ्यावर आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

– एक वाचक, ठाणे