परतफेडीचा पैसा आला कुठून?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळपास रोज असतात. डिजिटल अटक, बनावट शेअर ट्रेडिंग, नातेवाइकांना फोन करून धमकावणारी कर्जाची ॲप्स, हे सगळे आता आमच्या गल्लीतल्या आज्यांनाही पाठ झाले आहे. एक प्रकार मात्र अजून माझ्या वाचनात आला नाही. त्यात फसणारा माणूस स्वतःच सावकार असतो, आणि सावकार सहसा पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, म्हणूनही असेल.

मी ३१ वर्षे एका सहकारी पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली शेवटची १४ कर्ज विभागात. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. गेल्या दिवाळीला घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. दोन दिवसांनी बोलता झाला. क्रिप्टो चलन एकमेकांना उसने देणाऱ्यांच्या एका गटात तो वर्षभर होता. कोणी देशातले, कोणी परदेशातले, एकमेकांची तोंडे कोणी पाहिलेली नाहीत. ज्याला गरज आहे तो रक्कम, मुदत आणि व्याज लिहितो. ज्याला पटेल तो त्याच्या वॉलेटवर, म्हणजे नाणी ठेवायच्या डिजिटल खात्यावर, नाणी पाठवतो. व्याजाचा दर विचारला, तर म्हणाला, "मामा, आठवड्याला दहा टक्के." मी पटकन हिशेब केला. सरळव्याजाने वर्षाला ५२० टक्के. आपल्या राज्यात परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाही, असा सरकारी दर आहे. मी त्याला एवढेच विचारले की, ५२० टक्के द्यायला तयार असलेला माणूस तुला गिऱ्हाईक वाटला का? तो गप्प बसला.

झाले होते ते असे. गटात एक नवा सदस्य आला. आल्या आल्या त्याने ५० यूएसडीटी मागितले. यूएसडीटी म्हणजे डॉलरशी भाव बांधलेले क्रिप्टो नाणे, तेव्हा साधारण ५० डॉलर. वडील दवाखान्यात, पगार शुक्रवारी, तारण काही नाही. भाच्याने दिले. शुक्रवारी सकाळी ५५ परत आले. पुढच्या आठवड्यात १०० मागितले, ११० आले, तेही मुदतीच्या एक दिवस आधी. मग महिनाभराने ८०० मागितले, रुपयांत ७० हजारांच्या आसपास. वर आणखी दोन सदस्यांनी गटात लिहिले की, या माणसाने आमचे पैसे अगदी वेळेवर दिले, बिनधास्त द्या. भाच्याने दिले. त्यानंतर ते खाते आजतागायत बोललेले नाही.

मला आधी वाटले, ते दोघे साक्षीदारही त्याच टोळीतले असणार. तसे नव्हते. दोघेही खरे होते, त्यांचे पैसे खरेच परत मिळाले होते, आणि नंतर मोठ्या रकमेला तेही बुडाले. एकूण सातजण.

इथून पुढचा भाग सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. या नाण्यांची वही उघडी असते. कोणत्या पत्त्यावरून, म्हणजे वॉलेटच्या क्रमांकावरून, कोणत्या पत्त्यावर किती वाजता किती गेले, ते कोणालाही फुकट पाहता येते. पत्त्यामागचा माणूस तेवढा दिसत नाही. भाच्याने मला लॅपटॉपवर त्या कर्जदाराचा पत्ता उघडून दाखवला. मी चष्मा लावून रोजकीर्द वाचतो तसा खालून वर वाचत गेलो. पत्ता गटात येण्याच्या चार दिवस आधी उघडलेला. भाच्याला जे ११० परत आले, त्याच्या तीन तास आधी त्या पत्त्यावर १५० जमा झालेले. कोणाकडून? गटातल्याच दुसऱ्या सदस्याकडून. त्या सदस्याचे १६५ ज्या दिवशी फिटले, त्याच दिवशी तिसऱ्याकडून ३०० आलेले. पगार, दवाखाना, शुक्रवार, यातले काहीच त्या वहीत नव्हते. बाहेरून एक रुपयासुद्धा आत आला नव्हता.

आमच्या धंद्यात याला नवंजुनं म्हणतात. मार्चअखेर आली की जुने कर्ज भरल्याचे दाखवायचे आणि त्याच दिवशी नवे उचलायचे. कागदावर कर्जदार नियमित. ग्रामीण भागातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच की, पतसंस्थेत नवंजुनं करणाऱ्याचे घर, शेत, म्हैस आणि सासरा आम्हाला माहीत असायचा. इथे माणूस एक पत्ता टाकून देतो आणि दुसरा उघडतो, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

ही युक्ती नवी आहे असेही नाही. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ट्रेंडन शेव्हर्स नावाच्या इसमाने २०११-१२ मध्ये 'बिटकॉइन सेव्हिंग्ज अँड ट्रस्ट' या नावाखाली ऑनलाइन ओळखीच्या लोकांकडून बिटकॉइन घेतले. आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत व्याज कबूल केले. व्याज वेळेवर मिळते, हाच लोकांना पुरावा वाटत होता. जुन्यांना दिले जाणारे पैसे नव्यांचे होते. ऑगस्ट २०१२ मध्ये सगळे कोसळले, पुढे खटला झाला आणि २०१६ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. आपल्याकडेही 'गेनबिटकॉइन'मध्ये महिन्याला १० टक्के परताव्याच्या बोलीवर लोकांनी पैसे गुंतवले आणि पुण्यात त्याचे गुन्हे दाखल झाले. तिथे माणसे समोर तरी होती, सभा होत होत्या. भाच्याच्या गटातला चोर छोटा, पण रीत तीच.

तारण देतो म्हणणारेही नवे सदस्य असतात. ते एखादे टोकन, म्हणजे कोणालाही बनवता येणारे डिजिटल नाणे, गहाण ठेवतात, ज्याची किंमत पडद्यावर हजार डॉलर दिसते आणि विकायला गेले तर घेणारा कोणी नसतो, कारण ते त्यानेच परवा बनवलेले असते. आमच्याकडे सोनेतारणाला सराफ कसोटीवर घासून सांगायचा, त्याला आम्ही फी द्यायचो. अशा गटांत तो सराफ कोण? काही जण आधार कार्डाचा आणि सेल्फीचा फोटो पाठवतात. तो फोटो दुसऱ्याच कोणा गरजवंताचा असू शकतो, ज्याने कर्जाच्या आशेने कुठल्या तरी ॲपवर कागदपत्रे चढवली. आणि जुने, नावाजलेले खाते दिसले म्हणूनही निर्धास्त होऊ नये. अशी खाती विकत मिळतात.

आता नव्या सदस्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक नवा माणूस चोर नसतो. बँकेने दारात उभे केले नाही, सिबिल खराब, घरच्यांना सांगायची लाज, असा कोणी खरोखर येतही असेल. पण त्याने बिटकॉइनमध्ये कर्ज घेतले तर काय होते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये एक बिटकॉइन सुमारे हजार डॉलरला होता, त्याच डिसेंबरात १९ हजारांवर गेला. जानेवारीत एक नाणे उसने घेऊन, विकून, दवाखान्याचे बिल भरणाऱ्याने वर्षाअखेरीस एकच नाणे परत करायचे, पण ते विकत घ्यायला १९ हजार डॉलर मोजायचे. व्याज वेगळेच. सज्जनातला सज्जनही तिथे थकबाकीत जाईल. ज्याच्याकडे आधीच नाणी आहेत, त्याने ती गहाण ठेवून कर्ज काढणे मी समजू शकतो. विकली तर नफ्यावर ३० टक्के कर बसतो, शिवाय भाव वाढेल ही आशा असते. पण ज्याच्याकडे एकही नाणे नाही आणि पगार रुपयांत आहे, तो रुपयांची गरज भागवायला नाण्यांचे कर्ज का मागतो, हा प्रश्न पहिल्या ५० डॉलरच्या आधी विचारायला हवा होता. आम्ही कर्जअर्जावर 'कर्जाचे कारण' असा रकाना उगाच ठेवत नव्हतो.

भाच्याने तक्रार करायला महिनाभर टाळाटाळ केली. त्याला भीती होती की, तू व्याजाचा धंदा कसा करत होतास, असे उलट विचारतील. ही भीती अगदीच खोटी नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे, आणि ऑनलाइन केला म्हणून तो धंदा राहत नाही असे नाही. ज्यांना एकमेकांना कर्ज देण्याची हौसच आहे, त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये पी-टू-पी संस्थांचे नियम केले आहेत. तिथे एका कर्जदाराला एका व्यक्तीने ५० हजारांपेक्षा जास्त देता येत नाही. पैसे तिथेही बुडतात, पण कर्जदार कोण होता हे तरी कळते.

शेवटी मी त्याला घेऊन बसलो आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. उशीर झाला होता. ज्यांचे नुकतेच गेले असतील त्यांनी त्याच दिवशी लावावा, आणि गटातल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट, कर्जदाराचा पत्ता आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा. नाणी कुठल्या नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, जाऊन रुपयांत बदलली गेली असतील, तर तिथे खातेदाराची केवायसी असते. मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजेस मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आहेत. भाच्याच्या बाबतीत माग तीन पत्ते पुढे जाऊन एका परदेशी एक्स्चेंजच्या मोठ्या पत्त्यात विरला.

त्या गटातल्या जुन्या सदस्यांना माझी एक सूचना भाच्याने कळवली आहे. कोणी नव्याने पैसे मागितले की आधी त्याचा पत्ता मागायचा आणि त्याने आजवर फेडलेली प्रत्येक रक्कम कुठून आली ते उघड्या वहीत पाहायचे. ती गटातल्याच माणसांकडून आलेली असेल तर कर्ज नाकारायचे. आमच्या संस्थेत हे काम शिपाईसुद्धा करू शकला असता, इतके ते सोपे आहे. पाचजणांना पटले. दोघे म्हणाले, एवढे बघत बसलो तर व्याज बुडेल.

भाच्याने पत्र पाठवायला संमती दिली आहे, फक्त त्याचे नाव छापू नये. माझेही छापले नाही तरी चालेल, कारण इथे आमचे नाते सगळ्यांना माहीत आहे.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
इचलकरंजी