नकाशावरचा त्रिकोण भरीव की पोकळ?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबांधणीच्या दर्जाबद्दल आपल्या पानांवर वाचक नेहमी लिहितात. सिमेंट, वाळू, गळणाऱ्या गच्च्या यांवर बोललं जातं. मिस्त्री ज्या कागदावर बघून काम करतो, त्या कागदावरच्या खुणांबद्दल मात्र माझ्या वाचनात काही आलेलं नाही. आयटीआयचा ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ हा दोन वर्षांचा कोर्स करून मी कोल्हापुरात आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते, म्हणून हे पत्र.

एका बंगल्याच्या कामावर पाहिलेली गोष्ट सांगते. प्लॅनवर लेव्हल, म्हणजे मजल्याची उंची, दाखवायला चार भागांचा, निम्मा काळा गोल होता आणि पुढे आकडा. ती लेव्हल नुसत्या स्लॅबची की फरशी बसल्यानंतरची, हे त्या गोलावरून कळायला काही मार्ग नव्हता. मिस्त्रीने ती स्लॅबची धरली आणि तिथून २१०० मिमीवर लिंटेलचा, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईचा, तळ घेतला. फरशी आणि खालचा माल मिळून ६० मिमी झाले, दरवाजाची उंची २०४० उरली. तयार होऊन आलेल्या दारांना करवत लावावी लागली.

दार कापता तरी येतं. जिन्याचं तसं नाही. सगळ्या पायऱ्या स्लॅब ते स्लॅब सारख्या भागून काँक्रीट ओतलं, की पुढे खालच्या आणि वरच्या मजल्यावर ६० मिमी चढतात आणि पायऱ्यांवर दगड व माल मिळून समजा ४०. मग पहिली पायरी २० मिमीने बुटकी होते आणि शेवटची २० मिमीने उंच. मधल्या सगळ्या सारख्या असल्यामुळे पायाला त्या मापाची सवय लागलेली असते, आणि नेमकं वर पोचताना माणूस ठेचकाळतो. म्हातारी माणसं ज्या घरात आहेत, तिथे ही साधी बाब नव्हे.

यावर उपाय जुना आहे. जर्मनीतल्या नकाशांत पोकळ त्रिकोण म्हणजे तयार फरशीची लेव्हल आणि भरीव त्रिकोण म्हणजे कच्च्या स्लॅबची. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, की सेंटरिंगवाल्याला (स्लॅबचा साचा उभारणाऱ्याला) आणि फरशीवाल्याला आपापला आकडा मिळतो. आपल्याकडेही असं का होत नाही? माझ्या मते कारण एकच: सॉफ्टवेअरसोबत जे चिन्ह आयतं येतं, तेच आपण वर्षानुवर्षं वापरतो.

खरं तर हे चिन्ह बदलणं अवघड नाही. रेव्हिट या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खूण ही एक स्वतंत्र फॅमिली, म्हणजे बदलता येणारी तयार आकृती, असते. ती उघडायची, गोल पुसायचा, त्रिकोण काढायचा, भरीव आणि पोकळ असे दोन प्रकार करायचे आणि ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये ठेवून द्यायचे. ऑटोकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ॲट्रिब्यूट (आकडा भरायची जागा) असलेला ब्लॉक, म्हणजे तयार आकृती, करायचा आणि तो ॲनोटेटिव्ह ठेवायचा, म्हणजे नकाशाच्या प्रमाणानुसार त्याचा आकार आपोआप जुळतो. ॲनोटेटिव्हची ही सोय २००८ च्या आवृत्तीपासून आहे. एका दुपारचं काम. पुढच्या प्रत्येक नकाशाला ते आपोआप लागू होतं.

सेक्शनच्या, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या नकाशाच्या, खुणेचंही तसंच. रेव्हिटच्या आयत्या खुणेत गोलात वर तपशिलाचा क्रमांक आणि खाली शीटचा क्रमांक येतो. तो सेक्शन शीटवर ठेवेपर्यंत गोल रिकामाच राहतो. मोठ्या कंपन्यांच्या शंभर शीटच्या कामाला ही पद्धत उत्तम. पण आमच्याकडे बंगल्याच्या कामाला घाईत एक-दोन शीटच साइटवर जातात, आणि प्लॅनवर रिकामे गोल बघून माणसं गोंधळतात. त्यांना कापाच्या रेषेच्या दोन्ही टोकांना लिहिलेलं ‘अ–अ’ समजतं. खुणेच्या फॅमिलीत तेवढा बदल करून ठेवायला कोणाची हरकत आहे?

आकाराकडे तर कोणीच बघत नाही. अक्षरांच्या उंचीची ठरलेली मालिका आहे: २.५, ३.५, ५, ७, १० मिमी. आपण ए-१ शीटवर अडीचची अक्षरं ठेवतो, स्क्रीनवर छान दिसतात. साइटवर मात्र त्याच शीटची ए-३ झेरॉक्स जाते, म्हणजे अक्षर सव्वा मिलिमीटरचं. ए-४ काढली तर एक मिलिमीटरही उरत नाही, आणि त्यावर ओले हात आणि सिमेंट. खुणेतलं अक्षर मुळातच पाचचं ठेवलं तर ए-३ वर अडीच मिळतं. खोल्यांची नावं मराठीत टाकायची असतील तर युनिकोडचा ट्रूटाइप फॉन्ट घ्यावा. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी नसते आणि प्रिंटवर नुसती प्रश्नचिन्हं येतात.

नियम नाहीत असंही नाही. इमारतींच्या नकाशांसाठी भारतीय मानक आयएस ९६२ आहे, १९८९ ची आवृत्ती. महापालिकेत मंजुरीचा नकाशा देताना आम्ही सगळे शिस्तीत वागतो: नवीन काम लाल, पाडायचं काम पिवळं. ऑनलाइन तपासणीत फाइलमधल्या लेयरची (थरांची) नावंसुद्धा ठरल्याप्रमाणे लागतात, कारण एरवी फाइल परत येते. मिस्त्रीच्या हातात जाणारं वर्किंग ड्रॉइंग मात्र कोणी तपासत नाही, म्हणून तिथे आर्किटेक्टची खूण वेगळी, स्ट्रक्चरल इंजिनिअरची वेगळी, प्लंबिंगवाल्याची तिसरीच. एकाचा त्रिकोण लेव्हलचा, दुसऱ्याचा त्रिकोण नकाशातल्या दुरुस्तीचा. मिस्त्रीने कोणाचं खरं मानायचं?

शहरातल्या आर्किटेक्ट आणि इंजिनिअर संघटनांना माझी विनंती आहे, की त्यांनी एकत्र बसून वीस-पंचवीस खुणांचा एक संच ठरवावा, सॉफ्टवेअरच्या फाइलींसह सर्वांना फुकट द्यावा, आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात त्या खुणांचा तक्ता छापण्याचा आग्रह धरावा. ठरवताना टेबलाभोवती एक गवंडी, एक सेंटरिंगवाला आणि एक फरशीवाला हवाच. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी मुलांना तयार खुणा डकवायला शिकवण्याबरोबर खूण घडवायलाही शिकवावं. कमांड पाठ करून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे.

मी तयार केलेल्या खुणांची फाइल अशा संचासाठी द्यायला आमच्या ऑफिसची परवानगी आहे. ए-३ च्या झेरॉक्सवर पोकळ त्रिकोणाची रेघ कधी कधी पुसट येते. ती किती जाड ठेवावी, हे साइटवर रोज नकाशा वाचणाऱ्यांनी आधी सांगावं.

आपली,
एक ड्राफ्ट्समन, कोल्हापूर