‘सैराट’चं नाव त्या यादीतून काढा

संपादक महोदय,

सा. न. वि. वि.

सुरुवातीला जोरदार आणि पुढे ढेपाळणाऱ्या चित्रपटांची आपली कालची यादी वाचली. ‘फुल मेटल जॅकेट’बद्दल वाद नाही, तो शिव्या घालणारा सार्जंट गेला आणि सिनेमाचा जीवही गेला. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चंही समजू शकतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ओमाहा किनाऱ्यावरच्या लढाईत जे दाखवलंय, त्यापुढे काहीही फिकंच वाटणार.

पण ‘सैराट’?

बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या एका खोलीत येऊन पडते, तिथे चित्रपटाने आणखी किती पळायचं? पळून जाऊन मांडलेला संसार रेंगाळतच चालतो. यादीच्या लेखक महाशयांना तिथेही झिंगाटच हवं असेल, तर नाइलाज आहे.

हा चित्रपट २०१६ साली आम्ही इथे इंदूरला सहकुटुंब पाहिला. झिंगाटला पुढच्या रांगांतली मंडळी खुर्च्यांवर चढून नाचली. नाचोत बापडी, टाळ्या मीही वाजवल्या. मध्यंतरानंतर मात्र त्यांचे मोबाइल निघाले. मागून एकजण म्हणाला, ‘‘भिया, अब कुछ नहीं बचा, सराफे चलो.’’ (सराफा म्हणजे आमच्याकडची रात्रीची खाऊगल्ली.) शेवटच्या प्रसंगात आवाज पूर्ण बंद होतो. तो मुद्दाम बंद केलाय, हे कळायलाही पडद्याकडे बघावं लागतं! इथे शिट्ट्या सुरू झाल्या, कोणीतरी ‘‘साउंड, साउंड’’ म्हणून ओरडलं. त्यातच डोअरकीपरने बाजूचं दार सताड उघडलं. बाहेरच्या ट्यूबलाइटचा उजेड थेट पडद्यावर. त्या लेकराची रक्ताळलेली पावलं धड दिसेनात. सौ. पदराने डोळे टिपत होत्या आणि त्यांच्या गुडघ्यांवरून लोक पॉपकॉर्नचे डबे घेऊन बाहेर पडत होते. मॅनेजरकडे तक्रार केली, तर म्हणाले, ‘‘अंकल, पिक्चर तो खतम ही थी.’’ अशाच प्रेक्षकांतून पुढे समीक्षक होत असावेत.

उत्तरार्ध पडले, असे चित्रपट हिंदीत ढिगाने मिळतील. त्यांची यादी करायला कोणाची ना नव्हती.

आता लिहायला बसलोच आहे तर आणखी एक. इंदुरात मराठी चित्रपटाला मुळात एखादाच खेळ मिळतो, तोही आडवेळी. निदान त्याची वेळ तरी बरोबर छापत जा. मागे आपल्या अंकात दुपारी चारचा खेळ वाचून आम्ही म्हातारी मंडळी रिक्षा करून गेलो, तर खेळ सकाळी साडेनऊचा होता. रिक्षाचं भाडं मागत नाही, पण वेळा छापण्याआधी थिएटरला एक फोन करायला काय हरकत आहे?

आपला,
एक वाचक, सुदामानगर, इंदूर