बार्टल फ्रिअरच्या पुतळ्यापुढे एक झिरझिरीत पडदा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आपण सगळे ज्याला एशियाटिक म्हणतो तिथे, सर बार्टल फ्रिअरचा संगमरवरी पुतळा आहे. हा 1862 ते 1867 मुंबईचा गव्हर्नर. 1873 साली झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तह झाला, त्यामागे हाच होता. केनियातल्या मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तिचं फ्रिअर टाउन हे नावही याच्यावरूनच पडलं.

त्या वसाहतीतली बरीच माणसं आपल्या नाशिकहून गेली होती. आज ज्याच्या नावाचा रस्ता आपण रोज तुडवतो त्या शरणपूरच्या मिशनमध्ये, गलबतांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1874 मध्ये तो आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवपेटीबरोबर थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेपर्यंत गेला. सोडवणारा संगमरवरात उभा आहे आणि सुटलेल्यांचा एक चेहरासुद्धा त्या इमारतीत दिसत नाही.

पुतळा हलवा असं आम्ही म्हणत नाही. बेल्जियममध्ये तेरव्यूरेनच्या आफ्रिका संग्रहालयात हाच पेच होता. वसाहतवादाची भलामण करणारे पुतळे वारसा इमारतीचाच भाग, त्यामुळे काढता येईनात. तेव्हा काँगोचे एमे म्पाने आणि बेल्जियमचे जाँ पिएर म्युलर यांनी 16 पुतळ्यांपुढे अर्धपारदर्शक छापील पडदे सोडले. पुतळा दिसतो, पण पडद्यावरच्या चित्रातून दिसतो. सेनेगलच्या ओमार व्हिक्टर दिओप यांनी तर युरोपातल्या जुन्या चित्रांमधल्या आफ्रिकन माणसांच्या जागी स्वतः उभं राहून छायाचित्रं काढली. गुलामीतून सुटून फ्रेंच संसदेत बसलेल्या जाँ-बाप्तिस्त बेले याच्या वेशात ते बगलेत फुटबॉल धरून उभे आहेत. असंच, सुटलेल्यांचा चेहरा छापलेल्या पडद्याचं काम फ्रिअरपुढे व्हावं, आणि ते केनियातल्या कलाकाराकडून व्हावं, ही आमची मागणी.

आता कामाचं बोलतो, कारण अशी कामं कल्पनेत कमी आणि छपाईत जास्त फसतात.

त्या काळचं खिशातल्या आकाराचं छायाचित्र साधारण 54 बाय 89 मिलिमीटरचं असतं. 1,200 पीपीआयला, म्हणजे इंचाला 1,200 पिक्सेलने, स्कॅन केलं की सुमारे 2,550 बाय 4,200 पिक्सेल मिळतात. पडदा दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच धरला तर इंचाला 43 पिक्सेल पडतात, आणि तीन मीटरवरून बघणाऱ्याला ते पुरतात. म्हणून एआयने चित्र ‘मोठं’ करून घ्यायची गरजच नाही. ते सॉफ्टवेअर नसलेल्या पापण्या काढतं, नाक बारीक करतं, रंग उजळवतं. ज्याचा चेहरा परत आणायचा त्यालाच ते पुसतं. निविदेत हे स्पष्ट शब्दांत मना करा.

दुसरी खोड काळी त्वचा छापण्यातली. छपाईवाले सवयीने ऑटो लेव्हल्स मारतात, म्हणजे उजेड-अंधार सॉफ्टवेअरलाच ठरवू देतात. मग एक तर गाल राखेसारखा होतो, नाही तर कपाळ, केस आणि कोट एकाच काळ्या ठिपक्यात बुडतात. फाइल 16 बिटची ठेवावी, म्हणजे गडद छटांमधले बारीक फरक टिकतात, रंगांतर त्याच मशीन-कापडासाठी मोजून केलेल्या रंग-प्रोफाइलने करावं, आणि गडद भागात नुसती काळी शाई न ओतता खाली मॅजेंटा-पिवळा राखावा, म्हणजे त्वचेची ऊब टिकते. पॉलिएस्टर व्हॉइलवर, म्हणजे झिरझिरीत कापडावर, सब्लिमेशन (उष्णतेने शाई धाग्यात मुरवणारी छपाई) करताना साधारण 200 अंशांच्या उष्णतेत कापड थोडं आक्रसतं आणि विरळ विणीमुळे रंग फिका दिसतो. त्यामुळे आधी 30 सेंटिमीटरची पट्टी छापून घ्या, आणि ती कपाळाची घ्या. कोटाच्या पट्टीवरून काही कळत नाही.

प्रोजेक्टर लावू म्हणणाऱ्यांना नको म्हणा. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही. त्याचा सगळ्यात गडद रंग म्हणजे समोरची भिंत जेवढी गडद असेल तेवढाच. गोऱ्या चेहऱ्याला ते खपून जातं.

पडदा पुतळ्याच्या 40 सेंटिमीटर पुढे असावा. दिवा समोरून पडला की चेहरा ठसतो. समोरचा मंद करून पडद्यामागून पुतळ्यावर दिवा टाकला की चेहऱ्यातून फ्रिअर उगवतो. नाटकात जाळीच्या पडद्याची हीच गंमत. दोन्ही दिवे टायमरवर ठेवावेत. खिळा कुठेही ठोकायचा नाही: तीन मीटरचे दोन खांब, प्रत्येकाखाली 60 बाय 60 सेंटिमीटरची जड लोखंडी बैठक, तिच्याखाली नमदा. कापड सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे पंखा लागला की फडफडणार. खालच्या शिवणीत अॅल्युमिनियमची नळी घालून ती दोन बारीक तारांनी बैठकीला ताणावी. भोवती पुस्तकं आहेत, तेव्हा अग्निरोधक कापडच हवं.

फ्रिअर टाउनमधल्या आजच्या वंशजांचे चेहरेही घेणार असाल तर त्यांची लेखी संमती स्वाहिलीत घ्या आणि मुदत ठरवा. फलक मराठी, इंग्रजी, स्वाहिलीत असावा. त्यावर ‘हबशी’ किंवा ‘सिद्दी’ लिहून मोकळं होऊ नका. मलिक अंबर आणि जंजिरेकर यांचा इतिहास वेगळा आहे. वेनराइट पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजातला होता.

राहता राहिली निविदा. हे काम सजावटीच्या एल-1, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम देणाऱ्या, निविदेत गेलं तर फ्लेक्सवाल्याकडे जाईल आणि चेहरा काळा डाग होऊन येईल. कलाकाराचं मानधन आणि छपाईचा खर्च वेगळे काढा, आणि नमुन्याच्या पट्टीला कलाकाराने मान्यता दिल्याशिवाय छपाईचं बिल निघू नये, अशी अट घाला.

कळावे,
आपले,
मोठ्या आकाराची छायाचित्रं छापणारे आणि उभारणारे काही जण